लिओ फेंडर आणि गिटारची लाकडी पेटी

इलेक्ट्रिक गिटार म्हटले की ज्यांचे आडनाव आजही अनेकांच्या तोंडी आधी येते, त्या लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. ती सुरात लावायची तरी दुसऱ्या कुणाला हाक मारावी लागे. लहानपणी थोडा पियानो आणि मग सॅक्सोफोन, एवढेच त्यांचे संगीतशिक्षण. कॉलेजात ते हिशेब शिकले; इलेक्ट्रॉनिक्सचा एकही वर्ग त्यांनी केला नाही. आणि वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांना डोळा एकच होता. त्यांच्या गिटारवर भरपूर लिहिले गेले आहे. त्यांचे चरित्र वाचताना मला मात्र गिटारच्या शेजारी जमिनीवर ठेवलेली लाकडी पेटी जास्त रोचक वाटते, आणि डॉक्टर असल्यामुळे त्यांच्या एका लांबलेल्या दुखण्यापाशी अडखळायला होते.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधे आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. लिओ आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला.

एक डोळा गेला की अर्धी दृष्टी गेली, असा समज आहे. प्रत्यक्षात समोरच्या दृश्याचा साधारण पाचवा भाग झाकला जातो, कारण दोन्ही डोळ्यांना दिसणारा भाग बराचसा एकच असतो. खरा तोटा होतो तो खोलीच्या अंदाजाचा. सुईत दोरा ओवणे, पेल्यात पाणी ओतणे, जिन्याची शेवटची पायरी उतरणे अशा कामांत सुरुवातीला फसगत होते. पण मुलाचा मेंदू लवकर तोड काढतो. डोके किंचित हलवले की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. त्यावरून, सावल्यांवरून, ओळखीच्या वस्तूंच्या आकारावरून अंतर समजू लागते. हा मुलगा पुढे आयुष्यभर केसासारख्या तारा गुंडाळण्यात आणि सोल्डरिंग करण्यात रमला, हे त्याचेच उदाहरण म्हणायचे. (जाता जाता: लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चकाकी दिसली, विशेषतः फ्लॅशने काढलेल्या फोटोत, किंवा मूल नव्याने तिरळे पाहू लागले, तर नेत्रतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका. लिओच्या काळी डोळा काढण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते. आज लवकर आलेल्या अनेक मुलांचा डोळाही वाचवता येतो.)

मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान असलेले लिओचे एक काका सांता मारिया गावी राहत. १९२२ मध्ये त्यांनी पुतण्याला एक खोके पाठवले. त्यात रेडिओचे टाकाऊ सुटे भाग आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी लिओ त्यांच्याकडे गेला, तेव्हा काकांनी स्वतः जुळवलेला रेडिओ दुकानाबाहेर मांडला होता आणि त्याच्या स्पीकरमधून मोठ्याने संगीत रस्त्यावर ऐकू येत होते. त्या आवाजाने मुलाला जे पछाडले ते कायमचे. घरी परतल्यावर त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करायला सुरुवात केली.

पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी हिशेबनिसाचा मार्ग धरला. १९२८ मध्ये फुलर्टनच्या शाळेतून बाहेर पडून ज्युनियर कॉलेज, मग बर्फाच्या कंपनीत माल पोहोचवण्याची आणि नंतर वह्या लिहिण्याची नोकरी. याच काळात एका बँडच्या म्होरक्याने नाचाच्या कार्यक्रमांसाठी त्यांच्याकडून लाऊडस्पीकरचे सहा संच बनवून घेतले. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की यांच्याशी लग्न झाले. राज्याच्या रस्ते खात्यात हिशेबाची नोकरी मिळाली, ती मंदीत गेली. मग टायरच्या कंपनीतली, तीही सहा महिन्यांत गेली. १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले. वय वर्षे २९.

दुरुस्तीच्या दुकानात बसणारा माणूस एक गोष्ट शिकतो, जी कारखान्यात बसणाऱ्याला सहसा कळत नाही: वस्तू कुठे आणि कशी मोडते. फेंडर यांच्या दुकानात वादक आपले ॲम्प्लिफायर घेऊन येत. कुणाचा स्पीकर फाटलेला, कुणाची तार तुटलेली, कुणाची पेटी मोटारीत आदळून सांध्यातून उकललेली. तक्रार ऐकायची, झाकण उघडायचे, कारण शोधायचे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही हेच करतो, फक्त आम्हाला झाकण उघडायची सोय नाही. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे फेंडर यांना वादकाला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हते. हीच त्यांची मोठी जमेची बाजू ठरली, असे माझे मत आहे. स्वतः वाजवणारा कारागीर पुष्कळदा स्वतःच्या कानासाठी बनवतो.

युद्धाच्या वर्षांत डोळ्यामुळे त्यांना लष्कराचे बोलावणे आले नाही. दुकानात ओळख झालेल्या डॉक कॉफमन या वादक-संशोधकाबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि १९४५ मध्ये मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार व तिच्या जोडीचा ॲम्प्लिफायर विकायला सुरुवात केली. १९४६ च्या सुरुवातीला कॉफमन बाजूला झाले. फेंडर यांनी स्वतःच्या नावाने कंपनी काढली, आणि त्या वर्षीच्या त्यांच्या ॲम्प्लिफायरना आजचे संग्राहक प्रेमाने ‘वुडी’ म्हणतात. कारण साधे आहे. त्यांची पेटी उघड्या, पॉलिश केलेल्या कठीण लाकडाची होती.

तीन आकार होते. लहान प्रिन्सटनमध्ये ८ इंची स्पीकर, मधल्या डिलक्समध्ये १० इंची आणि मोठ्या प्रोफेशनलमध्ये १५ इंची. प्रिन्सटनला आवाज कमी-जास्त करायची कळही नव्हती. ते गिटारवरूनच करायचे. पेट्या मेपल, अक्रोड किंवा महोगनीच्या. वर लाकडाचीच मूठ. समोर स्पीकरच्या तोंडावर लाल, निळे किंवा सोनेरी कापड आणि त्यावरून धातूच्या उभ्या चकाकत्या पट्ट्या. त्या काळी रेडिओ हा दिवाणखान्यातला फर्निचरचा तुकडा असे, आणि रेडिओच्या दुकानातून आलेल्या माणसाने आपला ॲम्प्लिफायरही तसाच सजवला, यात नवल नाही. छायाचित्रांत पाहिले तर आजही हात फिरवावासा वाटतो.

पण ॲम्प्लिफायरला मुळात पेटी लागते कशाला? घरात एखादा उघडा स्पीकर पडला असेल तर तो टेबलावर ठेवून गाणे लावून पाहा. आवाज किरटा येतो, खर्ज जवळपास नाहीसा होतो. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढे आणि मागे एकमेकांच्या नेमक्या उलट लहरी निघतात. मागची लहर वळसा घालून पुढे आली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. वरच्या पट्टीत हा घोटाळा कमी, कारण त्या लहरी आखूड असतात आणि सहजी वळत नाहीत. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा असतो; त्याच्या लहरीची लांबी चार मीटरच्या आसपास भरते. वीतभर स्पीकरला ती आरामात वळसा घालते. तिच्या वाटेत फळ्या उभ्या करून तो वळसा लांबवणे, हे पेटीचे पहिले काम.

फेंडर यांच्या गिटारच्या पेट्या मागून बऱ्याचशा उघड्या असत. त्यामुळे थोडा खर्ज जातो, पण गिटारला फार खोल खर्ज लागतही नाही. उलट मागे बसलेल्या ढोलवाल्याला गिटार ऐकू येते. दुसरा फायदा उष्णतेचा. हे सगळे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर. चालू असताना व्हॉल्व्ह हात भाजण्याइतके तापतात आणि ती उष्णता बाहेर पडायला वाट लागते. १९५२ मध्ये बास गिटारसाठी वेगळा ॲम्प्लिफायर आणला तेव्हा त्याची पाठ त्यांनी बरीचशी बंद केली, कारण तिथे खर्ज गमावणे परवडणारे नव्हते. मोजमापांची मोठी शास्त्रीय गणिते पुढच्या काळात आली. फेंडर यांची पद्धत वादकाला पेटी द्यायची, ऐकायचे, विचारायचे, परत आणून बदलायची अशी होती. कार्यक्रम चालू असताना ते मंचावर चढून मागून ॲम्प्लिफायरशी खुडबुड करत, अशाही आठवणी वादक सांगत.

मग कठीण लाकडाने आवाज सुधारतो का? हा प्रश्न हौशी मंडळींत फार जिव्हाळ्याचा आहे. मिरजेच्या तंबोऱ्यात भोपळा आणि लाकूड स्वतः थरथरून आवाज बनवतात. तिथे लाकूड बदलले की वाद्यच बदलते. स्पीकरच्या पेटीचे तसे नाही. मेपलचे वजन घनमीटरला सुमारे ७०० किलो, पाईनचे सुमारे ४०० किलो. जड, ताठ फळी कमी थरथरते, म्हणून मेपलच्या पेटीतून जास्तकरून स्पीकरच ऐकू येतो. हलक्या पाईनची फळी थोडी थरथरते आणि आपला रंग मिसळते. काहींना तो रंग आवडतो, काहींना नाही. पण पेटीचा आकार, पाठ किती उघडी आहे आणि स्पीकर ज्या फळीवर बसवला आहे ती किती जाड आहे, यांनी पडणारा फरक लाकडाच्या जातीपेक्षा बराच मोठा असतो.

कठीण लाकडाची खरी अडचण वेगळी असते. ते दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. रेषांच्या आडव्या दिशेने जास्त, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून चारही फळ्यांच्या रेषा पेटीभोवती एकाच दिशेने फिरतील अशी मांडणी करावी लागते. मग चारही बाजू एकत्र हलतात आणि सांधा फाटत नाही. समोरची, स्पीकरची फळी प्लायवूडची असेल तर ती हलत नाही. तिला चारही कडांनी घट्ट चिकटवले की ताण येऊन बाजूची फळी चिरते. ती स्क्रूने, किंचित वाव ठेवून बसवायची. चांगल्या सुताराला यातले काही सांगावे लागत नाही. त्याला सांगावे लागते ते एवढेच, की ही पेटी रोज रात्री दोन तास आतून हादरणार आहे. सैल राहिलेला एक स्क्रूसुद्धा भुंग्यासारखा गुणगुणतो.

आणि ही पेटी दिवाणखान्यात राहणार नव्हती. फेंडर यांचे गिऱ्हाईक म्हणजे बॉब विल्स यांच्या बँडसारखे, गावोगावच्या नाचघरांत फिरणारे वादक. पेटी रोज मोटारीत चढणार, उतरणार, घासणार. पॉलिश केलेल्या महोगनीवर पहिल्याच आठवड्यात ओरखडे पडणार, लाकडी मूठ हाताला टोचणार. १९४६ सालीच त्यांनी दोन १० इंची स्पीकरचा एक नवा ॲम्प्लिफायर काढला. त्याचा दर्शनी भाग मधे किंचित दुमडलेला होता, म्हणजे दोन स्पीकर थोडे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसत. पेटी साध्या पाईनची. कोपऱ्यांचे सांधे दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तसे, आणि वरून प्रवासी बॅगांना लावतात तसले जाड सुती कापड चिकटवलेले. दोन वर्षांत लाकडी पेट्या बंद झाल्या आणि पुढची दहा-बारा वर्षे हे ‘ट्वीड’ कापडच फेंडर यांची ओळख बनले.

मला हा निर्णय त्यांच्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत बोलका वाटतो. देखणी वस्तू हातात तयार होती, विकलीही जात होती. ती त्यांनी सोडली, कारण वापरणाऱ्याला ती पेलत नव्हती. गुंफलेल्या सांध्याला डिंक लावायला पृष्ठभाग भरपूर मिळतो, त्यामुळे स्वस्त, मऊ पाईनही वर्षानुवर्षे टिकते. आत कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा छापील कागद चिकटवलेला असे, म्हणजे कोणत्याही गावच्या रेडिओवाल्याला दुरुस्ती करता यावी. रुग्णाच्या पलंगाला टांगलेल्या केस पेपरसारखाच तो कागद.

फुलर्टनचा त्यांचा पहिला कारखाना म्हणजे दोन पत्र्याच्या शेड होत्या. तिथे शौचालयही नव्हते. कामगार जवळच्या रेल्वे स्टेशनवर जात, अशी आठवण त्या काळचे लोक सांगत. कारखान्यात लाकूडकाम मोठे, गिटारीही लाकडाच्याच. आणि लाकूडकाम म्हटले की मला भुशावर बोलावेच लागेल, कारण हौस म्हणून घरी पेटी बनवणारे वाढत आहेत आणि तोंडाला रुमाल बांधला की झाले असे बहुतेकांना वाटते.

इंग्लंडमधले हाय विकम हे फर्निचर बनवण्यासाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस्थर हॅडफील्ड यांच्या १९६० च्या दशकात लक्षात आले, की नाकाच्या आतल्या भागाचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे वारंवार दिसतो आहे आणि रुग्ण बहुतेक लाकूडकाम करणारे आहेत. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या कामातून कठीण लाकडाचा बारीक भुसा आणि हा रोग यांचा संबंध उघड झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. हौशी माणसाने दोन पेट्या बनवल्याने कर्करोग होणार नाही. हा वर्षानुवर्षांच्या संपर्काचा रोग आहे. पण दमा, सततची सर्दी आणि त्वचेवर पुरळ यांसाठी इतकी वर्षे लागत नाहीत. सागवान आणि शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतो. रंध्याचा जाड भुसा त्यामानाने निरुपद्रवी; घातक ती पॉलिश पेपरने घासताना उडणारी पिठासारखी धूळ. तिला साधा रुमाल अडवत नाही, एन-९५ मास्क अडवतो. काम झाल्यावर झाडू किंवा फुंकणी न वापरता ओल्या फडक्याने पुसावे. आणि अनेक वर्षे सुतारकाम केलेल्या माणसाचे एकच नाकपुडी सतत चोंदत असेल किंवा शेंबडातून रक्त येत असेल, तर त्याला सर्दी म्हणून घरी बसवू नये.

पेटीबरोबर जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायरही घरी जोडणाऱ्यांना आणखी एक सांगणे. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात. ज्याला ते सुरक्षितपणे काढून टाकता येत नाहीत त्याने लाकडापुरतेच थांबावे.

१९५० च्या दशकात फेंडर यांचे जगभर नाव झाले. १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव लागलेली भरीव लाकडाची गिटार, त्याच वर्षी प्रिसिजन बास, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. यांबद्दल इतरत्र भरपूर वाचायला मिळेल. ॲम्प्लिफायरच्या बाजूने सांगायचे तर चार १० इंची स्पीकरचा बासमन हा त्यांचा सर्वांत नावाजलेला. लंडनचे जिम मार्शल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपला पहिला ॲम्प्लिफायर बनवला तो याच बासमनच्या मांडणीवरून. रॉक संगीताच्या दोन्ही घराण्यांचे मूळ असे एकाच पाईनच्या पेटीत सापडते.

श्रोते वाढले, सभागृहे मोठी झाली, तसा आवाजही वाढला. कॅलिफोर्नियाचे गिटारवादक डिक डेल हे ॲम्प्लिफायरमागून ॲम्प्लिफायर जाळत, आणि फेंडर प्रत्येक वेळी जळका संच परत घेऊन तो आणखी दणकट करत. यातून १९६० च्या सुमारास शोमन आला: १५ इंची स्पीकर, वेगळी बंद पेटी, अवजड. सुरुवातीच्या लाकडी पेट्या काही वॅटच्या होत्या, आता ऐंशी-शंभर वॅटची भाषा सुरू झाली. आपल्या कानाला दहापट ताकद साधारण दुप्पट मोठी वाटते. म्हणजे कानाला धोका किती वाढला हे कानाला स्वतःला नीट कळत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन होण्याजोगा मानला, तर त्यापुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते; १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे चार तास नाचणाऱ्या मुलांना हे गणित मी सांगत असतो. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते म्हणून ती आलेली असतात.

आता ते दुखणे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर फेंडर यांना नाकाजवळच्या सायनसमध्ये स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा संसर्ग झाला. तो गेला नाही. वर्षामागून वर्षे तो रेंगाळत राहिला आणि त्याने त्यांना इतके खचवले, की आपल्या हाती आता फार काळ नाही असे त्यांना वाटू लागले.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या. नाकात उघडणारे बारीक तोंड असलेल्या हाडाच्या पेट्याच. तोंड सुजून बंद झाले की आत पू साठतो. बंद पोकळीतल्या पुवापर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. थोडे बरे वाटते, औषध थांबते, दुखणे परतते. पेनिसिलिन तोपर्यंत आले होते, पण नाकातून दुर्बीण घालून ते तोंड मोकळे करण्याची आजची शस्त्रक्रिया आणि सीटी स्कॅन या गोष्टी दूर होत्या. चेहरा ठणकत राहणे, झोप न लागणे, अंगात कायम कणकण, आणि प्रत्येक भेटीत तेच औषध. अशा माणसाला मृत्यूची भीती वाटली तर ती भ्याडपणाची नसते. दहा वर्षे बरे न होणारा रोग मोठाच असणार, असा त्याचा सरळ तर्क असतो.

कंपनी विकायची त्यांनी ठरवले. विक्रीची बाजू सांभाळणारे त्यांचे भागीदार डॉन रँडल यांना त्यांनी ती पंधरा लाख डॉलरला देऊ केली होती, असे सांगितले जाते. रँडल यांनी बाहेर गिऱ्हाईक शोधले आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला ती घेतली. याच सीबीएसने आदल्या वर्षी न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाखांना घेतला होता, यावरून रकमेचा अंदाज यावा. फेंडर यांना ठरावीक वर्षे याच धंद्यात स्पर्धा न करण्याची अट घालण्यात आली.

त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी डॉक्टर बदलले, आणि ते बरे झाले.

चरित्रकार हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. मला तसे पुढे जाता येत नाही. दुखणे बरे होण्याजोगे होते, पण निर्णय झाला तो ते बरे होणार नाही या समजुतीवर. पहिल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळच्या साधनांत तेही अडकलेले असणार. पण आमच्याकडे आजही माणसे जमिनीचा तुकडा विकून, मुलीचे लग्न घाईने उरकून येतात, आणि तपासल्यावर हाती लागते ते सहा महिन्यांच्या औषधाने बरे होणारे काहीतरी. बराच काळ एकाच उपचाराने फरक पडत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. त्यात पहिल्याचा अपमान नाही. बरे, मतासाठी जाताना जुने कागद बरोबर न्यावेत. ‘काही न सांगता पाहू या काय म्हणतात’ ही परीक्षा फक्त रुग्णाला महागात पडते.

तब्येत परतली तेव्हा फेंडर ५० च्या उत्तरार्धात होते. पैसा होता, काम नव्हते. सीबीएसकडे काही काळ ते सल्लागार राहिले. मग जुन्या सहकाऱ्यांच्या म्युझिक मॅन या कंपनीत शिरले आणि १९७५ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. तिथली स्टिंगरे बास १९७६ ची. १९७९ मध्ये एस्थर कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी फिलिस यांच्याशी त्यांनी पुन्हा लग्न केले. याच सुमारास जुने सोबती जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर जी अँड एल ही कंपनी उभी राहिली. सत्तरीतला हा माणूस पुन्हा टेबलाशी बसून चुंबकांवर तारा गुंडाळू लागला. त्यांच्या आधीच्या गिटारींपेक्षा या चांगल्या आहेत असे ते मानत. बाजाराने ते तितकेसे मानले नाही, आणि त्यांनीही त्याचे फार मनाला लावून घेतलेले दिसत नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांना पक्षाघाताचे छोटे झटके येऊन गेले आणि पार्किन्सनचा आजार जडला. या आजारात मेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात; हालचाली मंद होतात, स्नायू ताठरतात, बऱ्याच जणांचे हात कापतात. बारीक कामाच्या माणसाला याहून वाईट काय असेल? तरी त्यांचे कारखान्यात जाणे थांबले नाही. रुग्णाने सवयीचे काम जमेल तितके चालू ठेवावे असे आम्ही सांगतोच. नियमित हालचालीचा पार्किन्सनमध्ये खरोखर उपयोग होतो, आणि आपण अजून कामाचे आहोत ही भावना कोणत्याही गोळीत भरता येत नाही.

२० मार्च १९९१ रोजी ते नेहमीप्रमाणे कामावर होते. दुसऱ्या दिवशी, ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फुलर्टनमधल्या जी अँड एलच्या कारखान्यात त्यांची कामाची खोली त्यांनी सोडली तशीच पुढे जपून ठेवण्यात आली होती.